भिंतभर पडदा

मास्तर पडदे शिवायचे. शाळेतले मास्तर नव्हेत, शिलाईचे. चाळीस वर्षं लोकांच्या खिडक्या मोजल्या आणि स्वतःच्या घरात खिडकी म्हणाल तर न्हाणीघराच्या वरची वीतभर फट! त्या दोन खोल्या मालकीच्या होत्या, एवढंच काय ते सुख. मास्तरीणबाई भर दुपारी दिवा लावून कामाला बसायच्या. मशीनची टीप दिसते म्हणून पडद्याची खालची दुमड त्या हातानंच घालायच्या. नजर अधू होत चालली होती, पण सुईत दोरा कुणाला ओवू द्यायच्या नाहीत. मास्तरांनी हात पुढे केला की फणकारायच्या, "मी काय आंधळी झालेय? एक खिडकी द्या मला, मग बघा."

तीस वर्षांच्या संसारात बाईनं दुसरं काही मागितलं नाही, आणि मास्तरांना नेमकं तेवढंच जमलं नव्हतं.

मग शहराबाहेरच्या रस्त्याला एक नवी इमारत निघाली आणि तिथल्या सॅम्पल फ्लॅटचे पडदे मास्तरांकडे आले. इमारतीचा पाया भरायच्या आधीच गिऱ्हाइकांना भुलवायला एक घर नटवून ठेवतात ना, ते. पलंग आखूड, सोफा अरुंद, म्हणजे खोल्या ऐसपैस दिसाव्यात. हॉलची खिडकी साडेतीन फुटांची. बिल्डरच्या ऑफिसातला टायवाला म्हणाला, "मास्तर, रॉड भिंतभर टाका, अकरा फूट. पडदा छतापासून जमिनीपर्यंत. मधे खिडकीपुरता उघडा, बाकीचा भिंतीवर. मागून दिवे सोडतो आम्ही." मास्तरांनी मान डोलावली. भिंतीची खिडकी करून दाखवणं हा त्यांच्या हातचा मळ होता.

पडदा टांगायच्या दिवशी मास्तरीणबाई दुमड बघायला सोबत गेल्या. एरवी त्या कधी गिऱ्हाइकाकडे जायच्या नाहीत. त्या दिवशी गेल्या आणि तिथेच घात झाला.

"अहो, केवढी ही खिडकी! भिंतभर!"

"दुमड नीट पडलीये का बघ," मास्तर स्टुलावरून म्हणाले.

"दुमड मरू द्या. बावीस फूट घातलीये मी, म्हणजे खिडकी अकरा फूट." कापड खिडकीच्या दुप्पट घेतात हे त्यांना पाठ होतं. खिडकी त्यांनी डोळ्यांनी मोजलीच नाही, स्वतःच्या टाक्यांनी मोजली. "इथं बसून मी मरेपर्यंत शिवेन बघा."

अगं, मागे भिंत आहे. चार शब्द मास्तरांच्या ओठांवर आले होते. पण बायको हसत होती. किती वर्षांनी हसत होती कोण जाणे! मास्तरांनी ते चार शब्द गिळले. आणि खरं सांगायचं तर, स्टुलावरून उतरून तिच्या शेजारी उभं राहिल्यावर त्यांनाही ती खिडकी भिंतभरच वाटली. स्वतःच्या पडद्याला भुललेला शिंपी! कुणाला सांगायची सोय आहे का?

मास्तरांनी त्याच इमारतीत घर घ्यायचं ठरवलं. मेहुणा येऊन डोकं आपटून गेला. "भावजी, वर्षभर दम धरा. आमच्या कारखान्यात तीन पाळ्यांची एक झालीये. भाव अजून उतरतील." टायवाला म्हणाला, "उतरलेत तोवरच घ्या, पुढच्या महिन्यात हाताला लागायचे नाहीत." दोघंही छातीठोक बोलत होते आणि उद्याचं दोघांनाही काडीचं कळत नव्हतं. या वयात कर्ज कोण देणार? मास्तरांनी दोन खोल्या विकल्या, सगळं बिल्डरच्या हवाली केलं आणि भाड्याच्या एका खोलीत मशीन मांडलं. या खोलीला तर ती वीतभर फटही नव्हती. वर्षभराचाच तर प्रश्न होता.

त्यांचं घर सहाव्या मजल्यावर. इमारत चौथ्यावर येऊन थांबली. कारखाना बंद पडला, लोकांचे हप्ते थकले, बिल्डरनं हात वर केले. मास्तर दर सोमवारी जाऊन मजले मोजायचे. चार. पुढच्या सोमवारी चार. "काम कुठवर आलं?" असं बायकोनं विचारलं की म्हणायचे, "चालू आहे."

तिसऱ्या वर्षी टायवाल्याचा फोन आला. ऑफिस बंद होतंय, शिलाई राहिलीये तुमची, पैसे नाहीत, पडदेच घेऊन जा. मास्तरीणबाईंनी ऐकलं. "मी येते," म्हणाल्या. "एकदा बसते तिथं." मास्तरांनी बस लांब आहे म्हणून पाहिलं, ऊन आहे म्हणून पाहिलं, पण त्या ऐकेनात.

टायवाल्याच्या गळ्यात आता टाय नव्हता. मागचे दिवेही कुणीतरी काढून नेले होते. मास्तर स्टुलावर चढले, रॉड उचलला आणि अख्खा पडदा खाली आला.

भिंत. रंगसुद्धा न दिलेली. मधे साडेतीन फुटांची खिडकी.

मास्तरीणबाईंनी जवळ जाऊन ती खिडकी वितीनं मोजली. मग मागे न वळताच म्हणाल्या, "तुम्हाला ठाऊक होतं."

"मापं मीच घेतली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"तू हसत होतीस," मास्तर म्हणाले.

मास्तरीणबाई अगदी हळू म्हणाल्या, "साडेतीन फुटांचीसुद्धा पुरली असती हो मला."

पडद्याची घडी घालून दोघं बसथांब्यावर आली.

खोलीवर आल्यावर मास्तरांनी भीत भीत विचारलं, "कुठं लावू हा?"

"खिडकी कुठाय लावायला? अभ्रे करू उशांचे, निदान विकले तरी जातील." त्या दिव्याखाली बसल्या आणि स्वतःच घातलेली दुमड उसवायला लागल्या. बावीस फूट. उसवून झाल्यावर त्यांनी सुई घेतली, दिव्याजवळ धरली. दोरा एकदा चुकला, दोनदा चुकला. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्नच केला नाही. सुई आणि दोरा मास्तरांपुढे धरला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "ओवून द्या."