पहिल्या पानावरचं नाव

आमच्या श्रीरंगरावांना पत्रकारितेवरच्या जुन्या पुस्तकांचं वेड आहे. तेही साधंसुधं नाही. पहिलीच आवृत्ती हवी आणि आत लेखकाच्या हातचं 'सप्रेम भेट' हवं. औरंगपुऱ्यातले रद्दीवाले ह्यांना लांबून बघूनच भाव वाढवतात. कपाट गच्च भरलंय, पण माझ्या सासऱ्यांचं, वर्तमानपत्राचे संपादक असलेल्या दत्तोपंतांचं, बातमीदारीवरचं पुस्तक मात्र त्यात नव्हतं. संपादक महाशयांनी सगळ्या प्रती गावोगावच्या वार्ताहरांना वाटून टाकल्या. पोटच्या पोराला एक ठेवली नाही. ही सल ह्यांना सत्तरीतही होती.

शेवटी एक प्रत देवगाव रंगारीत असल्याचं कळलं. तिथून दत्तोपंतांना बातम्या पाठवणारे मुंजाबा कधीच वारले होते. प्रत त्यांच्या बायकोकडे, म्हाळसाबाईंकडे होती. आम्ही दोघं गेलो.

"मी पुस्तक नाय द्यायची," आम्ही टेकायच्या आधीच म्हातारीनं सांगून टाकलं. "धन्याची तेवढीच खूण हाये." मग पहिलं पान उघडून पुढं केलं. "ह्यावर काय लिवलंय ते सांगा. घरात कुणालाच वाचता येत नाय."

कसं येणार? मजकूर उर्दूत होता. निजामाच्या राज्यात दत्तोपंत आणि मुंजाबा दोघंही उर्दू शाळेत शिकलेले. ह्यांना ती अक्षरं वडिलांनी छड्या मारून शिकवली होती. हे अडखळत वाचू लागले, "मुंजाबा के नाम, जिनकी खबर का एक लफ्ज भी मुझे काटना नहीं पड़ा. दत्तोपंत."

हेही बापाच्याच हाताखाली बातमीदार होते, पण ह्यांची एकही बातमी लाल शाईशिवाय परत आली नव्हती. ह्यांचे डोळे भरले. मलाही फार वाईट वाटलं.

"म्या धन्याला लई येळा इचारलं, तर नुसते हसायचे," म्हाळसाबाई म्हणाल्या. "आणखी एकदा वाचा."

पाठ होईपर्यंत त्यांनी वाचून घेतलं. मग पुस्तक मिटून ह्यांच्या हातात दिलं. "आता माझ्यापाशी हाये ते. बापाचं अक्षर तुमी न्या. पर घरी जो येईल, त्याला धन्याचं नाव मोठ्यानं वाचून दावायचं."

आमचे हे 'नको नको' वगैरे काही म्हणाले नाहीत. पुस्तक छातीशी धरून गाडीत जाऊन बसले.

पण शब्दाला पक्के निघाले. मला कपाटाला हात लावू न देणाऱ्या ह्या माणसानं काल सिलिंडरवाल्याला दारातच थांबवून ते पान वाचून दाखवलं. मी कपाळावर हात मारला.

त्यानं मात्र खांद्यावरचं सिलिंडर खाली ठेवलं आणि विचारलं, "कोण होते हो काका, हे मुंजाबा?"