एक्केचाळिसावं नाव

रविवारी दुपारी धम्मशीला इस्त्री करत होती तेव्हा सम्यकचा मेसेज आला. सम्यक तिचा मावसभाऊ, अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये होता. नोकरीच्या ठिकाणी जातीवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा व्हावा, म्हणून त्याच्या राज्यातली काही माणसं दोन वर्षं खटपट करत होती, त्यांत तोही होता. बिल आता कमिटीपुढे आलं होतं. मेसेजमध्ये एक पीडीएफ होती आणि खाली एकच ओळ: ‘ताई, हे तू केलंस?’

ते बिलाच्या विरोधातलं पत्र होतं. या कायद्याने आमच्या मुलांच्या कपाळावर जातीचा शिक्का बसेल, असं त्यात म्हटलं होतं. खाली ‘ब्रिटनमधील आंबेडकरी समाज’ म्हणून दोनशे बारा नावं. पाठवणारी संस्था अमेरिकेतली, न्यूकमर्स फोरम नावाची. धम्मशीलाने ते नाव कधी ऐकलेलंही नव्हतं. एक्केचाळिसाव्या जागी लिहिलं होतं: धम्मशीला एन. मेश्राम, ब्रॅकनेल.

तिने लगेच फोन लावला.

“सम्यक, मी असलं काही साइन केलेलं नाही.”

“बरं.”

“बरं म्हणजे? तुला खरं वाटत नाहीये का?”

“वाटतंय गं. पण इथे सगळ्यांनी ते वाचलंय. तू माझी बहीण आहेस हे त्यांना माहीत आहे. एकाने विचारलंच, तिला किती पैसे मिळाले म्हणून.”

फोन ठेवल्यावर तिने आपलं नाव पुन्हा वाचलं. एन. म्हणजे नारायण, तिचे वडील. ऑफिसात, ईमेलवर ती ते अक्षर कधीच लावत नसे. ते होतं फक्त आंबेडकरी मंडळाच्या मेंबरशिप फॉर्मवर, कारण मंडळाचे सेक्रेटरी भगवानकाका वडिलांच्या नावाशिवाय फॉर्म घेत नसत. म्हणजे नाव मंडळातूनच बाहेर गेलं होतं. आणि मंडळाची यादी सांभाळायची मंजिरी.

मंजिरी तिच्याच ऑफिसातली. तीन वर्षांपूर्वी हौसेने एका कार्यक्रमाला आली, मग मंडळाची वेबसाइट तिनेच करून दिली. तिचं गोखले हे आडनाव धम्मशीलाच्या मनात आजवर कधी आलं नव्हतं. त्या दुपारी आलं, आणि गेलं नाही.

सोमवारी कँटीनमध्ये तिने सरळ विचारलं, “मंडळाची यादी तू कोणाला दिलीस?”

मंजिरीने सँडविच खाली ठेवलं. “तू विचारत नाहीयेस. ठरवून आली आहेस.”

“दिलीस की नाही, एवढंच सांग.”

मंजिरीने फोनमध्ये एक मेल काढून तिच्यापुढे धरला. मार्चमधला, भगवानकाकांचा. एका सर्व्हेसाठी सगळ्या मेंबरांची नावं आणि गावं हवीत, असा.

“सेक्रेटरींनी मागितली, मी पाठवली,” मंजिरी म्हणाली. “माझ्या जागी मंडळातली दुसरी कोणी असती, तर असंच विचारलं असतंस?”

मंजिरी ट्रे उचलून गेली.

त्याच संध्याकाळी ती लंडनच्या पिनर भागात भगवानकाकांच्या घरी गेली. काका कौन्सिलमधून रिटायर झालेले. मंडळाच्या सभेचं इतिवृत्त कोणी लिहून दिलं, की पेन्सिलने स्वल्पविराम सुधारून परत पाठवायचे. त्यांच्या पत्नी कांताबाईंनी चहा दिला आणि त्याही तिथेच बसल्या.

“सारा नावाची मुलगी होती,” काका म्हणाले. “कॅमडेनला, बाबासाहेब शिकताना राहिले त्या घरी भेटली. हात जोडून जय भीम म्हणाली. लंडनमधल्या कुठल्याशा पब्लिक अफेअर्स फर्मची. आपल्या लोकांचा सर्व्हे करतोय म्हणाली. जयंतीच्या हॉलला स्पॉन्सरही मिळवून दिला तिने.”

“आणि तुम्ही सही केलीत?”

“एक फॉर्म होता. डेटा वापरायची परवानगी. हल्ली सगळीकडे असतो तसा.”

“वाचलात?”

“चार पानं होती, बेटा.”

“मी तेव्हाच म्हटलं होतं,” कांताबाई कपाकडे बघत म्हणाल्या, “एवढा मोठा हॉल आपल्याला फुकट का देतायत म्हणून.”

काकांनी कपाटातून फॉर्मची प्रत काढून दिली. धम्मशीलाने उभ्याउभ्याच चाळली. तिसऱ्या पानावर कलम होतं: फर्मच्या क्लायंटच्या भूमिकेला पाठिंबा म्हणून सभासदांची नावं कोणत्याही विधिमंडळापुढे सादर करता येतील. त्याच ओळीत पेन्सिलने एक स्वल्पविराम घातलेला होता.

तिने काकांकडे पाहिलं. काका चष्मा पुसत होते. तिने पानाचा फोटो घेतला आणि निघाली.

पुढचे दोन दिवस ती ऑफिस सुटल्यावर यादीतल्या लोकांना फोन करत होती. बहुतेकांना काही पत्ताच नव्हता. दोघांनी फोन कट केला. रीडिंग गावचे एक गृहस्थ म्हणाले, “अमेरिकेत काय होतं त्याच्याशी आपला काय संबंध? उगाच नाव कशाला पुढे करायचं?” सहा जण मात्र, आपण सही केली नाही, असं लिहून द्यायला तयार झाले.

सुनावणी इथल्या वेळेप्रमाणे गुरुवारी संध्याकाळी सातला होती. सम्यकच्या लोकांनी तिला व्हिडिओवर दोन मिनिटं मिळवून दिली. ती म्हणाली, “यादीत एक्केचाळिसावी मी आहे. मी हे पत्र पाहिलं नव्हतं, सही केली नव्हती. माझं मत याच्या उलट आहे. आणखी सहा जणांनीही सही केली नव्हती, तसं त्यांनी लिहून दिलंय.”

फोरमचा वकील अतिशय नम्र होता. नजरचूक झाली असेल, ही सात नावं आम्ही आनंदाने मागे घेतो, म्हणाला. फोरमला पैसे कोण देतं, असं कमिटीतल्या एका सदस्य बाईंनी विचारलं. ते सांगणं कायद्याने बंधनकारक नाही, असं त्याने तितक्याच नम्रपणे सांगितलं. दोनशे पाच नावं कागदावर तशीच राहिली. कमिटीने बिल पुढच्या वर्षावर ढकललं.

“इथे पुढच्या वर्षी म्हणजे बहुतेक कधीच नाही,” सम्यक फोनवर म्हणाला. मग थांबून म्हणाला, “ताई, मी तुला तसं विचारायला नको होतं.”

“मीही एकीला तसंच विचारलं,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती मंजिरीच्या डेस्कपाशी गेली आणि माफी मागितली. “इट्स फाइन,” मंजिरी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली. आठवड्याभरात तिने वेबसाइटचा पासवर्ड मंडळाला पाठवून दिला आणि मंडळात येणं बंद केलं.

मंडळाच्या सभेत धम्मशीलाने तिसरं पान मोठ्याने वाचून दाखवलं. भगवानकाकांनी, वयामुळे लक्षात आलं नाही, असं सांगितलं. त्यांना सेक्रेटरी ठेवावं का यावर हात वर झाले, आणि ते तीन मतांनी राहिले. पेन्सिलच्या त्या स्वल्पविरामाबद्दल ती बोलली नाही. सिद्ध काय करणार होती?

सभा संपल्यावर काकांनी नेहमीप्रमाणे हजेरीचा कागद फिरवला. पहिल्या रांगेतल्या बाईंनी तो उलटापालटा करून दोन्ही बाजूंनी वाचला आणि सही न करता पुढे दिला. त्यांच्या मागच्यांनीही तेच केलं.