पांढरी पाचची खरखर

सायकलच्या चाकातली एक तार. कापलेली.

फ्लॉपी. लेबलावर निळ्या शाईत: पंढरी. हळू, मधला, जोरात.

"साठ किलो. पाय वेगळे."

दिवा गावात एका मांडवात हळद लागतेय आणि स्पीकर कपाटाएवढा आहे.

"आभारात नाव टाकलंय ना तुझं? मग?"

टेक एक

आता सरळ सांगायचं तर असं, की ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या पंढरीकडे एक जुना इलेक्ट्रिक पियानो होता. पट्टी दाबली की आत हातोडी पोलादाच्या बारीक सळईवर पडायची आणि सळई गायची. एकदा मधल्या सप्तकातल्या पांढरी पाच या पट्टीची सळई मोडली. तशी दुसरी मिळेना, म्हणून पंढरीने सायकलची तार कापली, कानशीने घासली आणि तिथे बसवली. सूर लागला, पण सुरामागे खरखर राहिली, गरम तेलात कोलंबी पडावी तशी. पुढची काही वर्षं ठाण्यापासून कल्याणपर्यंत हळदीच्या गाण्यांच्या ज्या कॅसेटवर पियानो वाजला, त्या खरखरीसकट वाजला. पंढरीचं तोंड कुणाला माहीत नव्हतं. खरखर माहीत होती.

रेकॉर्डिंग डोंबिवलीला, गोपीनाथच्या स्टुडिओत. गोपीनाथ ठाकुर्ली गावातला. बापाची शेतं बिल्डरकडे गेली आणि बदल्यात तळघरातले दोन गाळे आले. गाळ्यांच्या भिंतींना त्याने अंड्यांचे ट्रे चिकटवले आणि स्वतःला म्युझिक अरेंजर म्हणवून घेऊ लागला. त्र्याण्णव साली त्याने सँपलर आणला. कुठलाही आवाज दोन सेकंद गिळायचा, फ्लॉपीवर ठेवायचा आणि मग पट्टी दाबाल तेव्हा ओकायचा, एवढंच त्या यंत्राचं काम.

"पंढरी, जरा लेव्हल बघायचीय. एकेक पट्टी वाजव. आधी हळू, मग मधली, मग जोरात."

पंढरीने दीड तास बसून त्र्याहत्तर पट्ट्या तीन-तीनदा वाजवल्या. शंका आली नाही. वर गोपीनाथने पाजलेल्या चहाबद्दल थँक्यूसुद्धा म्हणाला. ते थँक्यू पुढे त्याला ज्या ज्या वेळी आठवलं, त्या त्या वेळी स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

टेक दोन

दिवा गावातल्या त्या हळदीत पंढरी पाहुणा म्हणून गेलेला. हातात वड्याची प्लेट. गोपीनाथची नवी कॅसेट लागली, आणि त्याने कधीच न वाजवलेल्या गाण्यात त्याचीच खरखर आली. पहिल्या कडव्यात चारदा. चारही वेळा तंतोतंत तेवढीच, केसभर कमी नाही की जास्त नाही.

प्लेट तिथेच ठेवून तो घरी आला आणि पियानो उघडला. दोन दिवस मुंबई पालथी घालून त्याने एका दुरुस्तीवाल्याकडून अस्सल सळई मिळवली. पांढरी पाचमधली सायकलची तार उपटली आणि खाडीत भिरकावली.

"चोराकडे राहू दे खरखर," तो बायकोला म्हणाला. "माझा पियानो आता साफ बोलेल. दुनियेला कळेल खरं कुठलं."

टेक तीन

पुढची कॅसेट तुळसाबाईची होती. दिव्याची ही धवलारीण पासष्टीची. लग्नघरात तिने धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, म्हटल्याशिवाय हळद लागत नसे. पंढरी न बोलावता, टेम्पोत पियानो घालून डोंबिवलीला आला. टेम्पोवाल्याने हात लावून पियानो तळघरात उतरवला आणि तो निघून गेला.

"चोर आहेस तू, गोप्या."

"का, आवाज काय आईच्या पोटातून घेऊन आलेलास? मशीन परदेशी, आवाज परदेशी. तू नुसता दाबतोस."

"तुझं ते खोकं दहा वेळा मार, दहा वेळा तेच बोलतं. मढं आहे ते. तू नुसता त्याचा जबडा हलवतोस."

"मढं तरी सुरात असतं रे. तुझी पेटी खड्ड्यात आदळली की तासभर ट्यूनिंग. लोकांना कामधंदे नाहीत?"

काचेपलीकडून तुळसाबाई ओरडली, "भांडताव कनाला? तीन वाजता पानी येतंय, मना घरा जावाचा हाय!"

पंढरी म्हणाला, "हिलाच विचारू. पाठमोरी बसव. मी तोच मुखडा दोन्हींवर वाजवतो. माझा पियानो कुठला, एवढंच तिने सांगायचं. ओळखला, तर कॅसेट मी वाजवणार आणि ती फ्लॉपी इथेच मोडणार. नाही ओळखला, तर परत डोंबिवलीत पाय ठेवणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

दोन्हींच्या वायरी एकाच स्पीकरला जोडल्या. पंढरीने आधी पियानोवर मुखडा वाजवला, आयुष्यात वाजवला नसेल इतका सुंदर. मग तोच त्या खोक्यावर, मुद्दाम न बिघडवता. तेवढा तो प्रामाणिक होता.

"पयला कोन तरी नवा हाय," तुळसाबाई म्हणाली. "शिकलेला. दुसरा आपला पंढरी."

"काकी, नीट ऐका. परत वाजवतो."

"कनाला परत? आयकला ना. पंढरीचा खरखरतंय. ती खरखर आली का मना कलतं, आता तोंड उघडाचा. यो पयला गुलगुलीत. याच्यावं मी काय उचलू?"

गोपीनाथ टेबलावर हात आपटून हसला. "नाव घेतलं रे तिने तुझं! आभारात आता मोठ्या अक्षरात टाकतो."

"आग लागो तुझ्या स्टुडिओला."

"लागू दे की. फ्लॉपीची कॉपी घरी आहे."

पंढरीने वायर उपटली. पियानोचे पाय काढले, काखेत मारले. आत तुळसाबाई उभी राहिली, गोपीनाथने भरून ठेवलेली साथ सुरू केली, खोक्याची खरखर आली आणि तिने बरोबर त्या जागी तोंड उघडलं. तो साठ किलोचा पियानो तळघराच्या पायऱ्यांवरून एकटाच वर ओढू लागला. एक टोक एका पायरीवर टेकवायचं, खाली उतरायचं, दुसरं उचलायचं. सहाव्या पायरीवर झाकणाची कड फुटली. गोपीनाथ दाराशी येऊन बघत उभा राहिला आणि तुळसाबाईचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्याने दार लावून घेतलं.

पंच्याऐंशी साली हा पियानो वांद्र्याच्या एका हॉटेलातून विकत आणला, तेव्हा टेम्पोतून उतरवताना त्याचं दुसरं टोक गोपीनाथने धरलं होतं.