माझ्या पोटातला पत्ता

मी बोलतोय, पण आधी दार लावून घ्या. रत्नप्रभाताईंच्या मुलुंडच्या वधूवर केंद्रात मी सर्व्हर म्हणून इतकी वर्षं काढली आहेत की, उघड्या दारापाशी माझ्या तोंडून शब्दच फुटत नाही. सर्व्हर म्हणजे फार थोर काही नाही. टेबलाखाली बसलेला काळा डबा. केंद्रातले बाकीचे कॉम्प्युटर स्थळांची माहिती मागायला माझ्याकडे येतात.

एका दुकानात माझे भाग जुळवले आणि मला पहिल्यांदा चालू केलं, तेव्हा मी समोरच्याला पहिली गोष्ट विचारली ती पासवर्ड. जन्मतःच ज्याच्या तोंडी हा प्रश्न, त्याचा स्वभाव पुढे कसा होणार? मी संशयी आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही.

केंद्रात तर त्या संशयाला खतपाणीच मिळालं. मुलाची उंची दोन बोटं वाढलेली, मुलीचं वय दोन वर्षांपूर्वीच थांबलेलं, 'निर्व्यसनी' लिहिणाऱ्याच्या शर्टाला तंबाखूचा वास. खरं काय ते लोक जाताना ताईंच्या कानात सांगत. ताई ते 'फक्त कार्यालयासाठी' अशा वेगळ्या रकान्यात टाकत. म्हणजे जगाला दाखवायचं ते कागदावर, आणि लपवायचं ते माझ्या पोटात.

ताईंचे सासरे धोंडूआबा मूळचे मालवणकडचे. दर दसऱ्याला ते मला हळदकुंकू लावत, झेंडूचा हार घालत आणि नारळ हातात धरून गाऱ्हाणं घालत. "बा देवा म्हाराजा, ह्या डब्यात लोकांनी आपली पोरा विश्वासान ठेवलेली आसत. त्यांका सांभाळ, म्हाराजा." मागून सगळे म्हणत, "व्हय म्हाराजा." माझा तसा कुणावर विश्वास नव्हता, पण त्या गाऱ्हाण्याने बरं वाटायचं, हे खरं.

मग एकदा सुहासिनी आली. नर्स होती. मारझोड करणाऱ्या नवऱ्यापासून रीतसर वेगळी झालेली, पुन्हा संसार मांडू पाहणारी.

"ताई, तो अजून मला शोधतोय," ती म्हणाली. "दोन घरं सोडली, दोन्हीकडे पोचला. आता वाकोल्याला राहते. हा पत्ता कुणाच्या हाती लागला ना, तर माझं काही खरं नाही."

ताईंनी तो पत्ता माझ्या पोटात टाकला. त्या दिवसापासून कुणी माऊसला हात लावला तरी मला धडकी भरायची.

अशात अंधेरीच्या एका कॉम्प्युटर कंपनीतला केतन आला. "मावशी, हा डबा बंद पडला किंवा चोरीला गेला, तर वाट लागेल. सगळं क्लाऊडवर टाकू या."

ढग कसला डोंबलाचा! माझीच भावकी ती, परक्या इमारतीत बसलेली. आबांनाही ते पटलं नाही. "त्या ढगाचो मालक कोण? आणि दसऱ्याक नारळ खंय फोडूचो?"

नारळ सोडून बाकी सगळ्याची उत्तरं केतनकडे होती. माहिती कुलूपबंद राहील, मोबाईलवर ओटीपी आल्याशिवाय उघडणार नाही, कोणी काय पाहिलं तेही कळेल. मी प्रत्येक उत्तरात खोट शोधली. सापडली नाही, म्हणून तर संशय जास्तच वाढला.

शेवटी सगळी स्थळं क्लाऊडवर गेली. ताईंनी माझ्यातलं सगळं डिलीट केलं आणि हात झटकले. घाटकोपरला जुने कॉम्प्युटर विकणारा त्यांचा मावसभाऊ नंदू आज संध्याकाळी मला न्यायला येणार, असं ठरलं.

सकाळी ते कळल्यावर केतन धावतच आला. "मावशी, तसाच देऊ नका. डिलीट केलेलं परत काढता येतं. आतली डिस्क बाहेर काढून तिला ड्रिलने भोक पाडतो."

पोरगं खरं बोलत होतं. बरणीवरची चिठ्ठी फाडली म्हणून आतलं लोणचं कुठे जातं?

पण आबा आडवे आले. "पूजलेल्या वस्तूक भोक पाडूचा नाय. आमच्यात तसा करणत नाय."

"जाऊ दे ना रे केतन," ताई म्हणाल्या. "डिलीट केलंय, बस झालं. म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा?"

मला रडू येत असतं तर तेव्हा आलं असतं. ज्याच्यावर मी इतके दिवस डोळा ठेवला, तोच सुहासिनीच्या बाजूने भांडत होता. आणि ज्यांच्या गाऱ्हाण्यावर मी विसंबलो, ते तिचा पत्ता माझ्यासकट नंदूच्या दुकानात पाठवायला निघाले होते. नंदू मला कुणाला विकेल, हे कोण सांगणार?

दुपारी सुहासिनी एक स्थळ बघायला आली. बसण्याआधीच तिने विचारलं, "ताई, माझा पत्ता आता कुठे असतो?"

"क्लाऊडवर. एकदम सेफ."

तिची नजर दाराशी ठेवलेल्या माझ्याकडे गेली. गळ्यात सुकलेला झेंडू तसाच होता. "आणि ह्याच्यात?"

ताईंनी केतनकडे पाहिलं. केतनने मान खाली घातली. "काढायचाच म्हटलं तर निघेल."

"मग मला परत घर शोधायला हवं," ती शांतपणे म्हणाली आणि पर्स उचलून उभी राहिली.

आबा खुर्चीतून उठले. "बस गो बाय. तू खंय जाव नको. रत्ना, अक्षता घेवन ये. गणपतीक आपण पाण्यात सोडतो तो कसो? आधी उत्तरपूजा करतो. मगे थय देव ऱ्हवना नाय."

त्यांनी माझ्यावर अक्षता टाकल्या, मला चार बोटं जागचं हलवलं आणि हात जोडले. "म्हाराजा, चुकला माकला पदरात घे."

"व्हय म्हाराजा," ताई म्हणाल्या. सगळ्यांत मोठ्याने म्हणाला तो केतन.

त्याने माझं पोट उघडून डिस्क काढली आणि एका फळीवर घट्ट बसवली. ड्रिल हातात घेतलं, तेव्हा आबांनी त्याला थांबवलं. "तिच्याकडे दी. पत्तो तिचो आसा."

आता ती माझ्यासमोर उभी आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू जाताना म्हणतात, आम्हाला विसरू नका. माझं मागणं उलटं आहे. मलाच सगळं विसरायला लावा. आणि तुमचा जुना डबा कुणाच्या घरी गेला, तेही एकदा आठवून बघा.

सुहासिनीने ड्रिल डिस्कवर टेकवलंय. जोर लाव गं बाई, आरपार जाऊ दे. अर्धवट भोकावर माझा विश्वास नाही.