वकीलबाईंची बुटकी खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. बुटकी आहे म्हणून हसू नका. खुर्चीसाठी माणसं एकमेकांचे गळे धरतात म्हणे. मला मात्र कधी कुणी साधं 'सरक' सुद्धा म्हटलं नाही.

सुतारानं मला शिशुवर्गासाठी घडवलं. वर्ग बंद पडला आणि मी भंगारात निघाले. तिथून मला लहान मुलांचे खटले चालवणाऱ्या वकीलबाईंनी उचललं. त्यांची रीतच उलटी! मुलाला मोठ्या खुर्चीत बसवायचं आणि आपण माझ्यावर. बाई अंगानं भरलेल्या, त्यामुळे मी करकरायचे. पण मुलं त्यांच्याशी वरून खाली बघत बोलायची. खिडकीतल्या उन्हात, अर्धवट झोपेत मी ऐकत राहायचे. कधी वाटायचं, मी अजून झाडच आहे.

एकदा मावशीचा हात धरून दहा वर्षांची बारकी आली. शाळेतल्या अडगळीच्या खोलीला आग लागली होती. "तूच लावलीस ना?" असं पोलिसांनी विचारल्यावर ती "हो" म्हणाली होती. आता तिला मावशीपासून तोडून सुधारगृहात धाडायचं घाटत होतं.

बाईंनी काहीही विचारलं तरी बारकीचं आपलं "हो". शेवटी बाई म्हणाल्या, "ही खुर्ची काल माझ्याकडे जेवायला आली होती, हो ना?"

"हो."

मी गारच पडले!

मावशी रडायलाच लागली. "मोठ्यांना नाही म्हणायचं नाही, हे मीच शिकवलंय हो तिला."

मग बारकी रोज यायची. बाई नुसत्या समोर बसायच्या. "नाही म्हटलंस तरी मी रागावणार नाही," एवढंच सांगायच्या.

सुनावणीला त्यांनी मला काखोटीला मारून नेलं. बेत पक्का होता: न्यायाधीशांसमोर तोच प्रश्न विचारायचा. बारकी "हो" म्हणाली, की तिच्या कबुलीत दम नाही हे सगळ्यांना दिसेल.

बाईंनी विचारलं. बारकीनं माझ्याकडे पाहिलं. मला स्वप्नातच असल्यासारखं वाटत होतं.

"नाही," ती म्हणाली. "खुर्च्या कुठं जेवतात?"

बाईंच्या तोंडचं पाणीच पळालं. बेत फसला होता.

बारकी न्यायाधीशांकडे वळली. "आणि आगपण मी नाही लावली."

न्यायाधीशांनी कबुलीचे जुने कागद मिटले आणि पहिल्यापासून ऐकायला घेतलं. बारकी सुटली, मावशीकडेच आहे.

माझा एक पाय आता डुगडुगतो. बाई तरी मला टाकत नाहीत. तुमच्याकडे एकच मागणं आहे: पोर "हो" म्हणालं, तर लगेच लिहून घेऊ नका. जरा खाली बसा. बसायला मी आहे.