हिरवी टोपी आणि मुकी डोली

सकाळचं भांडण रताळ्यांवरून झालं. रताळी करपली होती हे खरं, पण ते बोलून दाखवायची काही गरज नव्हती. कामुगिशा म्हणाला, "यापेक्षा गोरिले बरे. कच्चं खातात, पण बेताचं खातात." त्यावर क्यारिकुंडाने हिरवी टोपी त्याच्या टकलावर थापली आणि अख्ख्या डोंगराला ऐकू जाईल असं सांगितलं, "मग त्या केसाळ सोयऱ्यांकडेच राहा! परत नाही आलात तरी चालेल!"

एकवीस वर्षांच्या संसारात हे वाक्य तिने चारशे वेळा तरी म्हटलं असेल. देवाने ते कधी मनावर घेतलं नव्हतं.

कामुगिशा युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलात गोरिलांचा माग काढायचा. पहाटे कळप शोधायचा आणि मागून धापा टाकत येणाऱ्या पाहुण्यांना तो दाखवायचा. ज्या उतारावर शेळीसुद्धा विचार करून पाय टाकते, तिथे लोक विमानाचं भाडं भरून घसरायला येत.

दुपारी क्यारिकुंडा ज्वारीत कुदळ चालवत होती. सहज मान वर केली, तर समोरच्या डोंगरावर शेताच्या सगळ्यात वरच्या पट्टीतल्या कुदळी थांबलेल्या. मग त्याखालच्या थांबल्या. मग त्याखालच्या. मयत झालं की त्या डोंगरांत कुणी जमिनीत कुदळ मारत नाही.

पायवाटेने डोली उतरत होती. चौघांच्या खांद्यावर वेताची डोली, आत घोंगडीत गुंडाळलेलं माणूस, तोंडावर हिरवी टोपी. थकलेले पाहुणेही खांद्यावरूनच खाली येत. पण ते खुर्चीत बसून, हात हलवत, राजासारखे. आजारी माणूस डोलीत निजून येई, तेव्हा भोई वाटभर आरडाओरडा करत, आचरट विनोद सांगत, म्हणजे त्याला धीर राही. मुकाट्याने नेत ते फक्त मेलेल्याला.

ही डोली मुकी होती.

बातमी डोलीच्या पुढे धावली. वरच्या पट्टीने हाक दिली, "हिरवी टोपी आहे!" मधल्या पट्टीने भर घातली, "म्हणजे माग काढणारा!" खालच्या पट्टीपर्यंत गोरिलाने कामुगिशाच्या छातीत बुक्की मारलेलीही होती, तीही डाव्या हाताने.

शेजारच्या न्याकातोने क्यारिकुंडाला धरलं आणि गळा काढला. "काय सभ्य माणूस गं! माझी कुदळ नेली ती परत केली नाही, पण सभ्य!"

बांधावर बसलेल्या सासूबाईंनी एवढंच विचारलं, "सकाळी काय म्हणालीस तू त्याला?"

क्यारिकुंडाला उत्तर येत होतं. सगळ्या डोंगरालाच येत होतं. ती कुदळ टाकून चढावर धावत सुटली. चारशे वेळा दुर्लक्ष करून देवाने नेमकं आजच कान द्यावेत?

मागे रडणाऱ्या चाळीस बायका आणि पुढे ती, अशी वरात डोलीला भिडली. भोयांचा म्होरक्या रुगासिरा ओठांवर बोट ठेवून दबक्या आवाजात म्हणाला, "शूऽऽ!"

क्यारिकुंडाने टोपी ओढली. खाली टोमॅटोसारखी लाल झालेली एक गोरी म्हातारी घोरत होती. ती दचकून जागी झाली आणि किंचाळली. क्यारिकुंडाही किंचाळली. चाळीस बायकांना रडायचं थांबवावं की वाढवावं ते कळेना.

"पाय मुरगळलाय बाईंचा," रुगासिरा म्हणाला. "खुर्ची मोडली, म्हणून डोली आणली. जरा डोळा लागला होता त्यांचा, म्हणून गप्प चाललो. जन्मात पहिल्यांदा गप्प बसलो, तर हा तमाशा!"

"आणि टोपी?"

"ऊन लागत होतं त्यांना. कामुगिशाने दिली."

"आणि... ते?"

"मागे आहे. बाईंचा बूट चिखलात रुतलाय, तो उपसतोय."

तेवढ्यात वरच्या वळणावर काहीतरी चकाकलं. एकवीस वर्षांत क्यारिकुंडाला ते टक्कल इतकं देखणं कधी वाटलं नव्हतं. ती वाटेतच बसली आणि अंगावरच्या कापडाने तोंड पुसत हसायला लागली.

कामुगिशा हातात बूट घेऊन समोर उभा राहिला. "काय झालं?"

"टोपी दिलीत ती दिलीत, बरोबर अक्कलही दिलीत का?"

"तूच म्हणालीस, परत नाही आलात तरी चालेल."

"ते सकाळचं होतं. आता चालणार नाही."

म्हातारीला सासूबाईंनी नाचणीची आंबील पाजली. हॉलंडहून युगांडात आलेल्या त्या हेन्ड्रिकाबाईंच्या देशात चढ म्हणून फक्त जिने. सहलीत सगळ्यांत काय आवडलं, असं त्यांच्याबरोबरच्या वाटाड्याने विचारलं, तर म्हणाल्या, "गोरिलाची पाठ दिसली, छान होती. पण माझा पाय मुरगळला म्हणून चाळीस अनोळखी बायका रडत आल्या! आमच्याकडे सख्खी बहीणसुद्धा फोन करत नाही." वाटाड्याने हे सगळ्यांना सांगितलं. बायांनी खाली बघितलं आणि बाईंना आणखी एक भोपळ्याचं भांडं भरून आंबील दिली. एकदा टाकलेली कुदळ त्या दिवशी पुन्हा कुणी उचलली नाही. एवढं रडलेलं वाया का घालवायचं?

त्या गडबडीत संध्याकाळची रताळीही करपली. कामुगिशाने एक खाल्लं, दुसरं खाल्लं, तिसरं खाल्लं. तोंडातून अक्षर नाही.

क्यारिकुंडाचा हात थांबला. "असे गप्प नका बसू हो. बोला काहीतरी."

"करपलीत," कामुगिशा म्हणाला.

"हां," म्हणून तिने सुटकेचा श्वास सोडला आणि त्याला चौथं वाढलं.