रेबेकाबाईंचा सोमवार

ब्लाउजचं वरचं बटण लावताना रेबेकाबाईंना दोनदा दम खायला थांबावं लागलं. पडद्यापलीकडे मोठे गोरे डॉक्टर काहीतरी पुटपुटले आणि त्यांच्या हाताखालच्या गिरीश डॉक्टरांनी मराठीत विचारलं,

“सोमवारी छाती आवळते का, बाई?”

अडुसष्ट सालचा फेब्रुवारी. लँकशायरच्या गिरणीत, कार्डिंग खात्यात, पिंजल्या कापसाचा धुरळा बाईंच्या पापण्यांवर बसे, केसांत बसे, श्वासाबरोबर आत उतरे. दुखणं गिरणीचं ठरलं तर धुळीबाहेरचं काम मिळणार होतं. नाहीतर पुन्हा तोच धुरळा. धाकट्या जावेनं, दिनानं, निघताना बजावलं होतं, “सोमवार म्हणा, जाऊबाई. गिरणीतल्या सगळ्याजणी तेच म्हणतात.”

पण खोटं कसं बोलायचं?

“नाही हो. सोमवारी उलट बरं असतं.”

गिरीशनी ते इंग्रजीत सांगितलं. मोठ्या डॉक्टरांनी कागदावर सही केली आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

“इथल्या हवेचा खोकला आहे म्हणतात. शनिवारी औषध न्यायला या.”

“शनिवारी नको. शब्बाथ असतो आम्हा ज्यूंचा. गिरणीतही जात नाही मी. त्या बदल्यात रविवारी मशिनं झाडते.”

“म्हणजे तुम्ही शनवार तेली!” गिरीश हसले. “आमच्या पेणला शनिवारी तुमचा घाणा बंद. आई शुक्रवारीच तेल आणून ठेवायची.”

“आम्ही रेवदंड्याचे.” बाईही हसल्या, आणि खोकल्या. “रविवारी मात्र जीव नकोसा होतो बघा. सोमवारपर्यंत सैल पडतं.”

गिरीशचं हसू मावळलं.

“सुट्टीनंतर पहिल्यांदा धुळीत गेलं की छाती आवळते, तीच गिरणीची खूण,” ते हळूच म्हणाले. “बाई, तुमचा सोमवार रविवारी येतो.”

बाईंना समजायला क्षण लागला. मग त्यांनी दाराकडे बोट केलं.

“मग सांगा ना त्यांना. आत्ताच तर गेले.”

गिरीशनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“त्यांना चूक दाखवलेली खपत नाही. माझ्या इथल्या नोकरीची मुदत मार्चमध्ये संपतेय, बाई. वाढवणं त्यांच्याच हातात आहे.”

बाहेर व्हरांड्यात मोठ्या डॉक्टरांची पावलं अजून ऐकू येत होती. बाई ती विरेपर्यंत उभ्या राहिल्या. मग त्यांनी कोटाची कॉलर गळ्याशी ओढून घेतली.

“थँक यू, डॉक्टर,” त्या म्हणाल्या, आणि पुढचंही सगळं मराठी सोडून मोडक्या इंग्रजीतच विचारलं: औषध कुठे मिळतं, बस कुठून सुटते.